फोटो काढा, पण आधी तो काळा दगड बघा

‘बारा दिवसांत आठ देश’ अशा टूरच्या जाहिराती आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. त्यात जर्मनीच्या वाट्याला किती वेळ येतो, हे कधी मोजलंयत का? फार तर दीड दिवस. ब्लॅक फॉरेस्टमधलं कुकू क्लॉकचं दुकान, बसमधून उतरून अर्धा तास कोलोनचं कॅथीड्रल आणि नशीब जोरावर असेल तर परीकथेतला वाटणारा नॉयश्वानश्टाइनचा राजवाडा. झालं जर्मनी बघून!

आता मात्र चित्र थोडं बदललंय. मास्टर्ससाठी, नोकरीसाठी, ‘आउसबिल्डुंग’साठी म्हणजे काम करता करता शिकण्यासाठी आपल्याकडची कितीतरी मुलंमुली तिथे राहतायत. त्यांच्याकडे डॉइचलांडटिकेट असतं. महिन्याचा एक पास काढायचा आणि वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्या सोडून देशभरातल्या लोकल, ट्राम, बसमधून हवं तितकं फिरायचं. शनिवारी सकाळी उठलं की कुठेही जाता येतं. पण होतं काय, की देश बदलतो, पास बदलतो, सवय तीच राहते. सकाळी एक शहर, दुपारी दुसरं, संध्याकाळी स्टोरी. ‘डन!’ म्हणून पुढचं.

माझं म्हणणं साधं आहे. जिथे जाल तिथे दोन प्रश्न खिशात घेऊन जा. हे असं दिसावं, हे कुणी ठरवलं? आणि त्याची किंमत कुणी मोजली? या दोन प्रश्नांनी ट्रिपची मजा कमी होत नाही, उलट दुप्पट होते. पटत नसेल तर आपल्या टूरवाल्यांच्या यादीत क्वचितच असणारा एक प्रांत घेऊन बघू या : सॅक्सनी.

एका लोकलच्या रुळांवरचा प्रांत

सॅक्सनी म्हणजे जर्मनीच्या पूर्वेकडचं, चेक प्रजासत्ताकाला लागून असलेलं राज्य. १९९० पर्यंत हा भाग पूर्व जर्मनीत होता. एल्ब नदी चेक बाजूने वाहत येते, वालुकाश्माचे डोंगर कापत सॅक्सनीत शिरते आणि ड्रेस्डेन या राजधानीच्या मधोमध जाते. ड्रेस्डेनहून सीमेकडे जाणारी एस-१ ही लोकल जवळपास सगळा वेळ नदीला चिकटून धावते. पिर्ना, राटेन, क्योनिगश्टाइन, बाड शांडाऊ ही एकामागोमाग येणारी स्टेशनं. राजवाडे, किल्ले, कडे, जंगल आणि जर्मनीच्या इतिहासातला सगळ्यात काळा अध्याय, हे सगळं या एका लोकलच्या रुळांवर आहे. दोन दिवस पुरतात. तीन असतील तर उत्तम.

सुरुवात ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्श या चर्चपासून करा. गेओर्ग बेअर या वास्तुकाराचं हे काम, १७२६ ते १७४३ या काळातलं. प्रचंड मोठा दगडी घुमट. लांबून बघितलं तर भिंती फिक्या रंगाच्या आणि मध्येमध्ये काळे ठिपके. जवळ गेल्यावर कळतं की ते ठिपके म्हणजे जुने दगड आहेत.

१३ आणि १४ फेब्रुवारी १९४५ ला ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेनवर बॉम्बफेक केली. शहराचा मध्यभाग जळून गेला. चर्च तेव्हा लगेच पडलं नाही. आगीने तापलेले खांब दोन दिवसांनी, १५ तारखेला खचले आणि घुमट कोसळला. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं भर चौकात तो ढिगारा तसाच होता. पूर्व जर्मनीच्या काळात तेच स्मारक मानलं गेलं. जर्मनी एक झाल्यावर वाद रंगला : ढिगारा ठेवायचा की चर्च उभं करायचं? ढिगारा खरं बोलतो, नवी इमारत विसरायला लावते, असं काहींचं म्हणणं होतं. ज्यांच्या डोळ्यांसमोर शहर गेलं होतं त्यातल्या अनेकांना मात्र तो घुमट परत हवा होता. १९९४ मध्ये बांधकाम सुरू झालं, ३० ऑक्टोबर २००५ ला चर्च पुन्हा खुलं झालं. खर्चाचा मोठा वाटा देणग्यांमधून आला. ढिगाऱ्यातले हजारो दगड मोजून, नोंदवून, शक्य तिथे आपापल्या जागी बसवले गेले.

तेच ते काळे दगड. त्यांचा काळेपणा निव्वळ आगीचा नाही. एल्बच्या खोऱ्यातल्या या वालुकाश्मात लोहाचे अंश असतात, उघड्यावर राहून तो हळूहळू काळवंडतो. म्हणजे नवे फिके दगडसुद्धा एक दिवस काळे होणार आणि जखम दिसेनाशी होणार. तुम्ही आज बघताय म्हणून तो फरक दिसतोय. घुमटावरचा सोनेरी क्रॉस लंडनच्या एका कारागिराने घडवला, अॅलन स्मिथ त्याचं नाव. त्याचे वडील त्या बॉम्बफेकीत सामील असलेल्या विमानांपैकी एकाचे वैमानिक होते. आता सांगा, ही माहिती असताना काढलेला फोटो आणि नसताना काढलेला फोटो एकच असेल का?

आकड्यांचं राजकारण

पण इथेच थांबलात तर अर्धीच गोष्ट घेऊन परत याल. ‘बिचारं सुंदर शहर, उगाच उद्ध्वस्त केलं’ ही ती अर्धी गोष्ट.

चर्चपासून काही मिनिटं चाललं की नदीकाठी खिडक्या नसलेल्या, किंचित पीळ दिल्यासारख्या भिंतींची एक इमारत दिसते. ते ड्रेस्डेनचं नवं सिनेगॉग, ९ नोव्हेंबर २००१ ला खुलं झालेलं. तारीख मुद्दाम निवडलेली आहे. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री इथलं जुनं सिनेगॉग जाळलं गेलं. ते गॉटफ्रीड झेम्परने बांधलं होतं, ज्याच्या नावाच्या ऑपेरा हाउससमोर सगळे पर्यटक सेल्फी काढतात तोच झेम्पर. त्या आगीतून वरचा तारा तेवढा एका अग्निशमन जवानाने लपवून वाचवला. आज तो नव्या इमारतीच्या दारावर आहे. शहर १९४५ मध्ये जळलं हे खरं. पण त्याच्या सहा वर्षं आधी त्याच शहरात आपल्याच शेजाऱ्यांचं प्रार्थनास्थळ जाळलं गेलं होतं, हेही तितकंच खरं.

आणि मृतांचा आकडा? नाझी प्रचारयंत्रणेने तो फुगवून दोन लाखांवर नेला. पुढे कित्येक वर्षं तो आकडा पुस्तकांतून, भाषणांतून फिरत राहिला. शेवटी शहराने इतिहासकारांची समितीच नेमली. २०१० मध्ये तिने निष्कर्ष मांडला : जास्तीत जास्त २५ हजार. काय कमी आहेत २५ हजार माणसं? पण अतिउजव्या गटांना ते पुरत नाहीत. दर फेब्रुवारीत ते ड्रेस्डेनच्या दुःखाचा झेंडा करून मोर्चे काढतात. त्याला उत्तर म्हणून शहरातली साधी माणसं हातात हात घालून जुन्या गावाभोवती मानवी साखळी करतात. आपल्या मेलेल्या माणसांसाठी रडायचं, पण त्यांचा वापर करू द्यायचा नाही, हे त्या साखळीचं म्हणणं. फॅमिली ग्रुपवर रोज एक इतिहास फॉरवर्ड होऊन येणाऱ्या आपल्या पिढीला हे समजायला गाइडची गरज पडू नये.

गमावलेला दर्जा

आता नदीकाठाने थोडं वर चालत जा. दोन्ही बाजूंना रुंद गवताळ काठ. पाणी वाढलं की पसरायला जागा मिळावी म्हणून ते मोकळे राहिलेत. २००२ च्या ऑगस्टमध्ये एल्बने ९ मीटर ४० सेंटिमीटरची पातळी गाठली तेव्हा ही मोकळी जागासुद्धा कमी पडली. पुराच्या खुणा आजही नदीकाठच्या गावांमधल्या भिंतींवर तारखेसकट कोरलेल्या दिसतात.

हे राजवाडे, ही कुरणं, ही नदी असा सगळा देखावा २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आणि २००९ मध्ये यादीतून बाहेर पडला! कारण एक पूल. ट्रॅफिक कमी व्हावं म्हणून नदीवर चौपदरी पूल हवा होता. २००५ मध्ये शहरात सार्वमत झालं आणि दोनतृतीयांशांहून जास्त मतं पुलाच्या बाजूने पडली. युनेस्कोने बजावलं, बोगदा करा म्हणून पर्याय पुढे आले, वटवाघळांची एक दुर्मिळ जात वाचवायला पर्यावरणवादी कोर्टात गेले. काम काही काळ थांबलं, पण पूल झालाच. २०१३ पासून त्याच्यावरून गाड्या धावतायत. जागतिक वारशाच्या यादीतून नाव निघालेलं हे जगातलं दुसरंच ठिकाण.

चुकलं का त्यांचं? पुलावर उभं राहून ठरवा. मला स्वतःला तो पूल त्या देखाव्यात खुपतो. पण रोज कामाला जाणाऱ्या माणसाने आपल्या शहराबद्दल मत दिलं, तर त्याला पर्यटकाने कुठल्या तोंडाने नावं ठेवायची? हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे मराठ्यांचे बारा किल्ले याच यादीत गेले. आपण ढोल वाजवले, वाजवायलाच हवे होते. पण यादीत जाणं ही पदवी नाही, एकदा मिळाली की कायमची आपली. रोपवे, रस्ता, पायथ्याची हॉटेलं या प्रत्येक निर्णयाच्या वेळी ती पुन्हा कमवावी लागते. ड्रेस्डेनने ते जगाला दाखवून दिलंय.

निसर्ग, तोही ठरवलेला

दुसऱ्या दिवशी लोकल पकडा आणि राटेनला उतरा. नदी ओलांडायला इथे एक मजेशीर फेरी आहे. तिला इंजिन नाही. दोरखंडाने नदीत बांधलेली ही नाव नुसत्या प्रवाहाच्या रेट्याने या काठावरून त्या काठावर जाते. पलीकडे उतरलं की चढ लागतो आणि अर्धा-पाऊण तासात तुम्ही बास्टायवर असता, एल्बच्या जवळजवळ दोनशे मीटर वर. खाली नदीचं वळण, आजूबाजूला दगडाचे सुटेसुटे सुळके आणि त्यांना जोडणारा सात कमानींचा दगडी पूल. सॅक्सनीचा सगळ्यात गाजलेला फोटो तो हाच.

हे सुळके साधारण दहा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साठलेल्या वाळूचे आहेत. ड्रेस्डेनचं चर्च याच एल्ब खोऱ्यातल्या दगडाचं. तो पूल मात्र किल्ल्याचा, राजाचा किंवा युद्धाचा नाही. १८५१ मध्ये तो बांधला गेला तो फक्त पर्यटकांसाठी. आधी लाकडी होता, गर्दी वाढली म्हणून दगडी केला. या भागाला ‘सॅक्सन स्वित्झर्लंड’ हे नावसुद्धा बाहेरच्यांनी दिलं. अठराव्या शतकात ड्रेस्डेनच्या कला अकादमीत शिकवणाऱ्या झिंग आणि ग्राफ या दोन स्विस चित्रकारांना हे डोंगर बघून गावाची आठवण आली, म्हणे. पुढे कास्पार डाव्हिड फ्रीडरिशने इथल्या कड्यांची रेखाटनं करून त्यातून धुक्याच्या समुद्राकडे बघणाऱ्या पाठमोऱ्या माणसाचं ते प्रसिद्ध चित्र रचलं. कड्यावर पाठमोरं उभं राहून फोटो काढायची जी फॅशन आज इन्स्टाभर आहे, तिचे पणजोबा हे!

आणखी गंमत हवी असेल तर बाड शांडाऊहून जुन्या ट्रामने लिश्टेनहाइनच्या धबधब्यापर्यंत जा. ही ट्राम १८९८ पासून दरीतून धावतेय. धबधबा मूळचा अगदी किरकोळ. १८३० मध्ये वर बांध घालून पाणी अडवायला सुरुवात झाली. पाहुणे जमले, पैसे दिले की फळी उघडायची आणि धबधबा ‘चालू’ करायचा! निसर्गाला रीलसाठी पोज द्यायला लावणं आपण शोधून काढलेलं नाही.

हसून झालं असेल तर जरा जंगलाकडे बघा. पुष्कळ ठिकाणी तुम्हाला करडी, वाळलेली, उभीच्या उभी मेलेली झाडं दिसतील. हे स्प्रूस. लाकडासाठी माणसांनीच पूर्वी ते ओळीने लावले. २०१८ नंतरच्या कोरड्या उन्हाळ्यांत त्यांची ताकद गेली आणि साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी त्यांचा फडशा पाडला. १९९० पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि उद्यानाचं धोरण असं, की निसर्गाला त्याच्या मार्गाने जाऊ द्यायचं. मेलेली झाडं उचलायची नाहीत, त्यांच्या सावलीत नवं मिश्र जंगल उगवू द्यायचं. मग २०२२ च्या उन्हाळ्यात चेक बाजूने पेटलेला वणवा सीमा ओलांडून आला. गावकरी चिडले : वाळलेली लाकडं साफ केली असती तर? उद्यानवाल्यांचं उत्तर : लाकूड आपोआप पेटत नाही, पेटवतो माणूस. हा वाद अजून मिटलेला नाही. पडणाऱ्या झाडांमुळे काही वाटा बंद आहेत. ‘वाट बंद’ ही पाटी दिसली की शॉर्टकट शोधू नका, एवढं तर आपल्याला जमेल.

सह्याद्रीत क्लाइंबिंग करणाऱ्यांसाठी खास सांगतो. इथे मोकळ्या सुळक्यांवर शंभराहून जास्त वर्षं कडक नियम पाळले जातात. हाताला खडूची पावडर लावायची नाही. भेगांमध्ये धातूची उपकरणं ठोकायची किंवा अडकवायची नाहीत, दोराच्या गाठी अडकवून संरक्षण घ्यायचं. आणि पाऊस पडून गेला की खडक वाळेपर्यंत चढायचंच नाही, कारण ओला वालुकाश्म मऊ पडतो, तुटतो. आपल्या बेसॉल्टचं गणित वेगळं, पण तत्त्व बघा : माणसाच्या हौसेपेक्षा दगड महत्त्वाचा. बास्टायवरची जुनी प्रेक्षणीय जागासुद्धा दगड झिजतोय म्हणून २०१६ मध्ये बंद केली गेली आणि कड्याच्या टोकावर भार पडणार नाही असा नवा तरंगता सज्जा २०२३ मध्ये खुला झाला. सात वर्षं तो ‘पॉइंट’ बंद राहिला. आपल्याकडे सात दिवस तरी कुणी ऐकून घेतलं असतं का?

किल्लेवेड्यांनी क्योनिगश्टाइन चुकवू नये. नदीच्या २४० मीटर वर, सपाट माथ्यावर पसरलेला हा किल्ला युद्धात कधीच जिंकला गेला नाही. पाण्यासाठी खाणकामगारांनी खडकात १५२ मीटर खोल विहीर खोदली, १५६३ ते १५६९ अशी सहा वर्षं राबून. आणि १८४८ मध्ये धुराडी साफ करणारा एक पोऱ्या, सेबास्टियन आब्राट्स्की, उभी तटबंदी दोराशिवाय चढून वर आला! बक्षीस काय मिळालं? अटक. हिरकणीच्या देशातल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

जो थांबा चुकवला जातो

परतीच्या वाटेवर, कितीही दमला असाल तरी, पिर्नाला उतरा. गाव देखणं आहे. अठराव्या शतकात बेलोट्टोने, म्हणजे ‘कनालेट्टो’ने, रंगवलेला चौक जवळपास तसाच आहे. कॉफी प्या, केक खा. आणि मग वर टेकडीवर दिसणाऱ्या सोनेनश्टाइन वाड्याकडे चालायला लागा.

१८११ मध्ये तिथे मनोरुग्णांसाठी संस्था सुरू झाली. मानसिक आजार बरे होऊ शकतात, रुग्णांना साखळदंडात ठेवायचं नसतं, असं मानणारी संस्था. युरोपात तिचं नाव होतं. त्याच आवारात १९४० आणि १९४१ मध्ये नाझी राजवटीने एका तळघरात विषारी वायूची खोली बांधली. मनोरुग्ण, मतिमंद, अपंग अशी १३,७२० माणसं तिथे मारली गेली. छळछावण्यांतून आणलेले हजाराहून जास्त कैदी वेगळेच. यात मुलं होती, एल्फ्रीड लोझे-वेश्टलरसारखी गुणी चित्रकार होती. त्यांना मारणाऱ्या यादीवर सही करणारे डॉक्टर होते. शिकलेले, पदव्या असलेले.

युद्धानंतर कित्येक दशकं याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. स्मारक खुलं व्हायला २००० साल उजाडलं, तेही स्थानिक नागरिकांनी विषय लावून धरल्यामुळे. आता गावातून टेकडीवर जाणाऱ्या वाटेवर छोटे छोटे रंगवलेले क्रॉस आहेत, प्रत्येक बळीमागे एक. वाड्याच्या मुख्य इमारतीत आज जिल्ह्याचं कार्यालय आहे. लोक दाखले काढायला येतात, बाहेर सायकली लावलेल्या असतात.

बास्टायपासून हे ठिकाण लोकलने अगदी थोड्या अंतरावर आहे. बास्टायला रांग असते. इथे तुम्ही बहुधा एकटे असाल.

‘सुट्टीत कशाला हे सगळं?’

मला माहितीय, काही जण म्हणतील, ‘आठवडाभर कॉलेज, पार्टटाइम नोकरी, त्यात जर्मन भाषा. रविवारी तरी डोकं बाजूला ठेवू द्या की!’ ठेवा ना. कड्यावर बसून नुसता वारा खाणं हेसुद्धा बघणंच आहे. प्रत्येक दगडाला प्रश्न विचारायची सक्ती कुणी केलेली नाही.

पण एक लक्षात घ्या. तुमच्यातले अनेक जण तिथे चार दिवसांसाठी गेलेले नाहीत, काही वर्षांसाठी गेलेत. त्या देशात मोर्चे निघतात, निवडणुका होतात, बाहेरून आलेल्यांबद्दल बरंवाईट बोललं जातं. ट्राममध्ये शेजारी बसलेली आजी फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळी साखळीत का उभी राहते, हे कळलं तर तो देश तुम्हाला जरा जास्त कळेल. आणि जे कधीच जर्मनीला जाणार नाहीत त्यांनाही हे दोन प्रश्न इथे उपयोगी पडतील. पुढच्या रविवारी ज्या गडावर जाल तिथली नवी पायरी, नवी दीपमाळ, नवं तिकीटघर कुणी ठरवलं आणि कशाच्या जागी बसवलं, एवढं विचारून बघा. उत्तर द्यायला कुणी नसेल, तर ते शोधायचं काम तुमचं.

सॅक्सनीतला तो काळा दगड आणखी काही वर्षांनी ओळखू येणार नाही. शेजारचे फिके दगड त्याच्यासारखे होतील. तोपर्यंत जमलं तर जाऊन या. फोटो काढाच, पण कॅप्शनमध्ये ‘व्हाइब्स’ सोडून आणखी एखादं वाक्य लिहा.